विस्तव कुणी पेटवला

मी मंगळवारची, म्हणून अराबा.
आमच्याकडे वारच नाव ठेवतो पोराचं,
आणि मंगळवारी आपामचा समुद्र
कुणालाच आत घेत नाही.
होड्या वाळूवर, जाळी पुरुषांच्या मांडीवर.
आई म्हणायची, सुट्टीच्या दिवशी जन्मलीस,
आता जन्मभर सुट्टी तेवढी मागू नकोस.

नाहीच मागितली.
भट्टीच्या मातीला वार कळत नाही.
खाली लाकूड, वर चौकटींची उतरंड,
चौकटीत तारली, शेपटीला शेपूट लावून.
खालची चौकट वर, वरची खाली,
डोळे मिटूनच करते मी हे सगळं.
उघडे ठेवायची सोय नसते.

यंदा क्वामेनाच्या होडीला
पेट्रोलचे पैसे दिले चार वेळा.
चार वेळा होडी परत आली, हलकी.
रात्री दूर मोठ्या जहाजांचे दिवे दिसतात,
पाण्यावर एखादं शहर वसावं तसे,
आणि आमच्या जाळ्यात येतं ते प्लॅस्टिक.
होडीच्या कडेला पिवळ्या रंगात लिहिलं होतं,
देव देईल.
मिठानं शेवटचा शब्द खाल्ला.
आता नुसता देव उरलाय.

बचतीचा माणूस सायकलवरून येतो,
वहीतला माझा चौकोन कोरा ठेवतो,
काही बोलत नाही. त्याचंही बरोबर आहे.
मीही प्रार्थनेत फार बोलत नाही.
धुरात तोंड उघडलं की खोकला येतो.

रविवारी देवळात पाळकांनी
पुन्हा जाळ्यांचीच गोष्ट घेतली.
रात्रभर राबून रिकामे आलेले ते कोळी,
मग खोल पाणी, मग फाटेस्तोवर मासे.
पुढच्या बाकांवरचे पुरुष माना डोलावत होते,
जणू त्यांच्याच घरातली बातमी.
माझ्या शेजारच्या डोरिसबाई
हळूच वीतभर सरकल्या, रुमाल नाकाशी.
पांढरा झगा तीनदा धुतला होता मी,
लिंबू चोळून.
धूर काही कपड्यात राहत नाही, बाई,
तो माझ्यात राहतो.

पानं उलटत बसले. पुढे, अगदी शेवटाकडे,
तेच कोळी, तोच किनारा, पहाट,
आणि ते पोचायच्या आत
वाळूवर कोळसे फुललेले, वर मासा.

कितीदा ऐकलं होतं.
पण विस्तव कुणी पेटवला, हे मी
कधी विचारलंच नव्हतं.
ओल्या वाळूत लाकूड धरत नाही सहजी.
कुणीतरी गुडघे टेकले असणार,
गाल फुगवून फुंकर घातली असणार,
डोळ्यांतून पाणी.
नुकताच थडग्यातून उठलेला माणूस,
हातांना खिळ्यांची भोकं,
आणि त्या हातांनी मासा उलटवला,
माझ्यासारखा, शेपटीकडून.
त्याच्या केसांनाही वास आला असेल.

मी हसले. डोरिसबाईंनी पाहिलं.

सोमवारी समुद्रानं काही दिलं नाही.
आता देईल असं वाटत होतं, तरी नाही.
मग शीतगृहातून दोन पेट्या
परदेशी बांगडा आणला, उधारीवर,
दगडासारखा गोठलेला.
त्याच जहाजांनी पकडला असेल, कोण जाणे.
मांडीवर घेऊन एकेक सुटा केला,
बोटं बधिर झाली तेव्हा भट्टीला लावली.
एसीची भट्टी तडकलीय,
तिच्या दोन चौकटी माझ्यावर चढवल्या.
अडवोआ म्हणाली, आई, आपल्यालाच पुरत नाही.
मी म्हटलं, धूर पुरतो.

उजाडता क्वामेना आला.
रात्रभराचं मीठ भुवयांवर, पाय ओले,
पाचव्यांदा पेट्रोल मागायला आलेला,
आणि मागता येत नव्हतं त्याला.
उभा राहिला नुसता, भिंतीकडे बघत.
माझ्याजवळ द्यायला सेडी नव्हती,
रागही तेवढा नव्हता, शोधला तरी.
वरच्या चौकटीतला एक बांगडा काढला,
केंकीच्या पानावर ठेवला, मिरची घातली.

बस, म्हटलं. आधी खाऊन घे.